तिसऱ्या महिन्यात आक्रसणारा शिंपला : कारण कसे शोधावे

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत ट्रायडॅक्ना जातीचे शिंपले ठेवणाऱ्यांना एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो. नवा शिंपला टाकीत ठेवल्यावर एक-दोन दिवसांत त्याचा प्रावार, म्हणजे कवचाच्या कडेबाहेर पसरणारी ती रंगीत मांसल झालर, पूर्ण उलगडते. पुढचे सहा-आठ आठवडे सगळे ठीक चालते. आणि मग ठळक असे काहीही घडलेले नसताना झालर रोज थोडी थोडी आत जाऊ लागते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत शिंपला मरतो. त्याच्या जागी दुसरा आणावा, तर तोही जवळजवळ तेवढ्याच दिवसांनी मरतो. माझ्या टाकीत हे दोनदा घडले. दोन्ही वेळा लक्षणे सारखीच होती, म्हणून कारणही एकच असणार असे मी गृहीत धरले, आणि दुसरा शिंपला त्या गृहीतकामुळेच गेला. या अडचणीचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा हे मला त्यानंतर हळूहळू उमगत गेले, आणि तेच येथे लिहितो आहे.

शिंपला इतक्या उशिरा का खचतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. ट्रायडॅक्नाच्या प्रावारात झूझँथेली ही सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा शिंपल्याला मिळतो. त्याच्या जोडीला तो कल्ल्यांतून पाणी गाळून बारीक अन्नकणही मिळवतो. यांपैकी काही कमी पडू लागले तरी तो लगेच तसे दाखवत नाही; शरीरातला साठा आणि पुढे स्वतःचे मांसही खर्चून तो दिवस काढतो. म्हणून झालर आत जाऊ लागते त्या आठवड्यात आपण काय केले हे आठवत बसण्याचा फारसा उपयोग होत नाही. मूळ कारण बहुतेक वेळा महिना-दीड महिना आधीचे असते आणि ते अजूनही टाकीत असते. एकामागून एक शिंपले मरत असतील, तर दोष आणलेल्या शिंपल्यात असण्यापेक्षा टाकीत असण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे.

आधी कवचाची कड पाहावी

पाण्याच्या चाचण्या करण्यापूर्वी मी कवचाची वरची कड पाहतो. निरोगी शिंपला कडेला सतत नवे कवच घालत असतो आणि ते स्वच्छ पांढऱ्या पट्टीसारखे दिसते. ट्रायडॅक्ना डेरासा झपाट्याने वाढतो, त्यामुळे त्याच्या कडेला ही पट्टी काही आठवड्यांत स्पष्ट होते. मॅक्झिमा आणि क्रोशिया हे ट्रायडॅक्नाचे दुसरे प्रकार सावकाश वाढतात, तेथे भिंग घ्यावे लागते. आणल्यापासून पांढरी पट्टी एकदाही आलेली नसेल, तर शिंपल्याला या टाकीत पहिल्या दिवसापासून काहीतरी अपुरे पडते आहे, आणि शोध प्रकाश, पोषकद्रव्ये व पाण्यातील खनिजे यांच्याकडे वळवावा. पट्टी आली, पण मधेच थांबून तिच्यावर शेवाळ चढू लागले, तर सुरुवातीला सर्व पुरेसे होते आणि नंतर काहीतरी बिघडले. अशा वेळी परोपजीवी गोगलगाय, टोचणारा मासा किंवा पाण्यातले चढउतार यांचा संशय घ्यावा. एवढ्या एका निरीक्षणाने शोधाचे अर्धे काम होते, आणि आणल्या दिवशी व नंतर दर पंधरवड्याला वरून एक छायाचित्र काढून ठेवले असेल तर ते फारच सोपे जाते.

दुसरी पाहणी सावलीची. प्रावाराच्या कडेवर शेकडो अगदी साधे, सुईच्या छिद्रासारखे डोळे असतात, आणि दिव्याखालून हात फिरवला की निरोगी शिंपला झटकन आक्रसतो. हा प्रतिसाद मंद झाला असेल तर शिंपला खरोखर अशक्त झाला आहे. मात्र हा प्रयोग दिवसात एकदाच करावा, कारण वारंवार सावली पडली की निरोगी शिंपलाही तिची दखल घेणे सोडून देतो.

मग प्रावाराचे रूप नीट पाहावे. झालर नेहमीपेक्षा फार लांब ताणलेली आणि पातळ दिसत असेल तर प्रकाश कमी पडत असावा. मधला भाग पांढरा किंवा पारदर्शक होत असेल तर शैवाले कमी होत आहेत. प्रखर प्रकाश, पाण्याचे वाढलेले तापमान आणि पोषकद्रव्यांचा अभाव ही याची नेहमीची कारणे होत. झालर एकाच बाजूला आत ओढलेली असेल, तर त्याच बाजूला खडकावर ऐप्टेशिया हे छोटे डंखदार समुद्रफूल किंवा एखाद्या प्रवाळाची तंतुके पोहोचतात का ते पाहावे. पाणी आत घेणारे लांबट तोंड विस्फारून उघडे राहणे आणि झालर सैल पडणे हे मात्र गंभीर लक्षण आहे. ते दिसल्यावर पुढची सर्व तपासणी त्याच दिवशी उरकावी.

बाहेर टाकणाऱ्या नळीतून अधूनमधून तपकिरी रंगाचे लहान गोळे किंवा धागे बाहेर पडतात, त्यांना घाबरू नये. ग्रेट बॅरिअर रीफवरील १९२८-२९ च्या मोहिमेचे नेतृत्व करणारे सी. एम. याँग यांनी या शिंपल्यांच्या पचनाचा अभ्यास केला, तेव्हा शिंपला आपली शैवाले पचवतो असे त्यांचे मत झाले होते. पुढे असे स्पष्ट झाले की शैवाले जठरापासून फुटून प्रावारात पसरणाऱ्या सूक्ष्म नलिकांत राहतात आणि त्यांतली जादा शैवाले पचनमार्गाने जिवंतही बाहेर पडतात. थोडेसे तपकिरी उत्सर्जन म्हणूनच स्वाभाविक आहे. ते दिवसचे दिवस सतत चालू राहिले आणि त्याबरोबर रंग फिका पडत गेला, तरच ते काळजीचे.

दिवे मालवल्यानंतरची तपासणी

या टप्प्यावर मी पूर्वी थेट चाचणीच्या बाटल्या काढत असे, आणि माझा दुसरा शिंपला, सुमारे आठ सेंटिमीटरचा एक सुंदर निळा मॅक्झिमा, त्यामुळेच गेला. पहिला शिंपला पाण्यातील पोषकद्रव्ये संपल्यामुळे मेला होता, म्हणून दुसरा आक्रसू लागताच मी पुन्हा पाण्याच्याच मागे लागलो. पाणी उत्तम होते. तो मेल्यावर कवच उचलले, तेव्हा तळाच्या फटीभोवती तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या, टोकदार गोगलगायी चिकटलेल्या दिसल्या. आठवडाभर आधी तो एकदा उलटा करून पाहिला असता तर बहुधा वाचला असता, ही खंत मला अजूनही आहे.

पिरॅमिडेलिड कुळातील या गोगलगायी दिवसा शिंपल्याच्या तळाशी, खडकाला धरणाऱ्या सूत्रांच्या फटीत किंवा शेजारच्या वाळूत दडतात आणि रात्री वर चढून सोंडेने त्याचे शरीरद्रव शोषतात. एक-दोन असल्या तर मोठा शिंपला तग धरतो. पण त्यांची वीण झपाट्याने होते, आणि लहान शिंपल्याला त्यांची पिल्लावळ पेलवत नाही. त्यामुळे दिवे मालवून दोन-तीन तास झाले की मंद टॉर्चने झालरीची कड आणि कवचाचे खवले न्याहाळावेत. दुसऱ्या दिवशी शिंपला पाण्यातच हळुवार कलता करून तळ पाहावा. गोगलगायी दिसल्या तर त्या चिमट्याने एकेक काढाव्यात आणि मग टाकीच्याच पाण्याच्या भांड्यात मऊ ब्रशने सगळे कवच, विशेषतः खवल्यांच्या खालचा भाग, घासून काढावा. कारण त्यांची अंडी पारदर्शक चिकट थरासारखी तेथेच असतात आणि एका घासण्यात ती सगळी निघत नाहीत. हे काम दर तीन-चार दिवसांनी, सलग तीन रात्री एकही गोगलगाय दिसेनाशी होईपर्यंत करावे लागते. सहा पट्ट्यांचा रास आणि हॅलिकोरीस जातीचे रास मासे अशा गोगलगायी टिपतात, त्यांची मदत होते. पण हे मासे रात्री झोपतात आणि त्याच वेळी गोगलगायी बाहेर पडतात, हे लक्षात घेता केवळ माशांवर विसंबणे मला पटत नाही.

शिंपला उचलताना एक काळजी अत्यंत आवश्यक आहे. तळाच्या फटीतून निघणाऱ्या बायसस सूत्रांनी तो खडकाला घट्ट धरून बसतो. तो ओढून उपटला तर सूत्रे निर्माण करणारी ग्रंथीच फाटते, आणि त्या जखमेतून शिंपले पुष्कळदा सावरत नाहीत. सूत्रे धारदार पात्याने अगदी खडकालगत कापावीत. ती पुन्हा तयार होतात. याहून सोय म्हणजे शिंपला पहिल्या दिवशीच तळहाताएवढ्या चपट्या दगडावर ठेवावा. तो त्या दगडाला धरतो, आणि पुढे कधीही दगडासकट हलवता येतो. पाण्याबाहेर काढलाच, तर परत ठेवताना पाण्याखाली थोडा फिरवून आत अडकलेली हवा निघू द्यावी.

पाणी

रात्रीची तपासणी निष्फळ ठरली की पाण्याकडे वळावे. पहिली गोष्ट क्षारतेची. दर हजारी ३४ ते ३५, म्हणजे सुमारे १.०२५ ते १.०२६ विशिष्ट गुरुत्व, हे लक्ष्य सर्वांना ठाऊक असते. अडचण मोजमापात असते. रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो ३५ वरही बरोबरच आहे असे होत नाही. त्यासाठी ३५ क्षारतेचे प्रमाणित द्रावण वापरूनच तो जुळवून घ्यावा. झुलत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर तर मी भरवसाच ठेवत नाही, कारण काट्याला चिकटलेला एक बुडबुडाही वाचन बदलतो. बाष्पीभवनाने घटलेले पाणी हाताने, तीन-चार दिवसांनी एकदम भरण्याची सवय असेल, तर आठवड्यातून दोनदा क्षारता वर-खाली होते. प्रवाळ ते सोसतातही, पण शिंपला मिटून बसतो.

यानंतर अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः पाण्यातील कार्बोनेटांचा साठा, आणि कॅल्शियम. शिंपल्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आणि ते घडवताना पाण्यातून दर २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) कॅल्शियमबरोबर सुमारे २.८ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) अल्कलिनिटी खर्च होते. या प्रमाणावरून एक महत्त्वाची गोष्ट समजते : शिंपला वाढत असताना कॅल्शियमची चाचणी फारशी हललेली दिसत नाही, पण अल्कलिनिटी मात्र ठळकपणे खाली येते. केवळ कॅल्शियम मोजून समाधान मानणाऱ्या व्यक्तीला हा खर्च कळतच नाही. माझ्या मते अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम ठेवावे. परंतु हे आकडे अचूक गाठण्यापेक्षा रोज तेच राहणे अधिक महत्त्वाचे आहे. सात डीकेएचवर स्थिर असलेल्या टाकीतील शिंपला, आठवडाभर सातपर्यंत घसरून रविवारी एकदम दहावर नेल्या जाणाऱ्या टाकीतील शिंपल्यापेक्षा चांगला राहतो. त्यासाठी सलग पाच दिवस सकाळी आणि रात्री अल्कलिनिटी मोजून कागदावर लिहावी. दिवसभरातला फरक अर्ध्या डीकेएचहून अधिक आढळला, तर अल्कलिनिटी वाढवणाऱ्या मिश्रणाची रोजची मात्रा विभागून, शक्य असल्यास डोसिंग पंपाने, थोडी थोडी द्यावी.

पोषकद्रव्यांच्या बाबतीत बहुतेकांची समजूत उलटी असते, आणि माझीही होती. पाणी जितके निर्मळ तितके शिंपल्याला मानवते, या विश्वासाने मी पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा मोठा स्किमर आणि फॉस्फेट शोषणारे माध्यम अखंड चालू ठेवत असे. नायट्रेटची चाचणी शून्य दाखवी आणि मला त्याचे समाधान वाटे. पण शिंपल्यातील शैवालांनाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि शिंपला नायट्रोजन अमोनिया व नायट्रेटच्या रूपाने थेट पाण्यातून घेतो. तोच संपला की शैवाले विरळ होतात, साखर कमी पडते आणि प्रावार आधी फिका, मग आखूड होतो. माझ्या पहिल्या शिंपल्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याच काळात प्रवाळही फिके पडले होते, आणि ती सूचना मला तेव्हा वाचता आली नाही. आता मी नायट्रेट ३ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम यांच्या दरम्यान राखतो. ते फार खाली गेले तर माध्यम काढून टाकावे, स्किमर दिवसातून काही तास बंद ठेवावा किंवा माशांना थोडे अधिक खाऊ घालावे. बदल दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो. वनस्पतिप्लवक घालण्याबद्दल बरेच मतभेद आहेत. पाच सेंटिमीटरहून लहान शिंपल्यांना मी ते आठवड्यातून दोनदा देतो. मोठ्यांना पुरेसा प्रकाश आणि मासे असलेले पाणी मिळत असेल तर त्याची गरज मला भासलेली नाही.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. टाकीत पूर्वी कधी तांबे असलेले औषध वापरले असेल, तर त्या टाकीत शिंपला ठेवूच नये; खडक आणि वाळू ते शोषून ठेवतात आणि पुढे सोडत राहतात. टाकी नवी असेल तर निदान सहा महिने थांबावे, कारण पहिल्या महिन्यांत वरील सर्व आकडे स्वभावतःच अस्थिर असतात.

प्रकाश, प्रवाह आणि शेजारी

प्रकाश डोळ्यांनी जोखता येत नाही. पार मीटर, म्हणजे शैवालांना उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारे उपकरण, काही दिवसांसाठी मागून आणावा आणि वाचन थेट प्रावाराच्या पातळीवर घ्यावे. क्रोशिया आणि मॅक्झिमा यांना साधारण २५० ते ४०० पार लागतात. डेरासा आणि स्क्वामोसा १५० ते २५० वरही चांगले राहतात. मॅक्झिमा वाळूत ठेवून वरचा दिवा अपुरा असणे ही आणल्यापासून पांढरी पट्टी न येण्याची फार नेहमीची परिस्थिती आहे. मात्र कमतरता लक्षात आली म्हणून तीव्रता एका दिवसात वाढवू नये. अशक्त शिंपल्यावर अचानक प्रखर प्रकाश पडला की उरलीसुरली शैवालेही जातात. आठवड्याला सुमारे दहा टक्के वाढ पुरेशी आहे. प्रवाह मध्यम आणि बदलता असावा. झालरीची कड उलटून वर येत असेल तर पंपाचा झोत थेट पडतो आहे.

माशांपैकी बुटके एंजल, फुलपाखरू मासे, ट्रिगर आणि पफर हे झालर टोचतात. मासा सहा महिने सभ्यपणे वागून मग टोचू लागला, असेही घडते. त्यामुळे जुना मासा संशयाबाहेर ठेवू नये. आपण टाकीसमोर उभे असलो की मासे अन्नासाठी पुढे येतात आणि खरा प्रकार दिसत नाही, तेव्हा फोन उभा करून तासभर चित्रीकरण करावे. बारीक केसांचे ब्रिसलवर्म हे किडे शिंपल्यात दिसले तर ते बहुतेक वेळा मरणासन्न मांसाकडे आलेले असतात. त्यांना मारून मूळ दुखणे जात नाही.

हे सर्व निर्दोष निघाले आणि तरीही झालर चिमटल्यासारखी, कडेला घड्या पडून आत ओढलेली राहिली, तर तिला पिंच्ड मॅन्टल म्हणतात आणि तिचा संबंध एकपेशीय परजीवीशी जोडला जातो. त्यासाठी तापमान व पीएच टाकीशी जुळवलेल्या शुद्ध गोड्या पाण्यात शिंपला २० ते ३० मिनिटे बुडवून ठेवण्याची आणि काही दिवसांनी तसेच पुन्हा करण्याची पद्धत शौकिनांमध्ये रूढ आहे. ही पद्धत मी अगदी शेवटी ठेवतो. गोगलगाय, क्षारता किंवा उपाशीपणा यांमुळे खचलेल्या शिंपल्याला ही बुडवणी झेपत नाही, आणि मूळ कारण तसेच राहते.

एका वेळी एकच बदल करावा आणि दहा दिवस वाट पाहावी, फक्त गोगलगायी काढणे आणि टोचणारा मासा वेगळा करणे याला अपवाद. विशेषतः शिंपला रोज नव्या जागी हलवू नये. प्रत्येक हलवणीनंतर त्याला सूत्रे नव्याने काढावी लागतात आणि त्यात तो आणखी थकतो.

शिंपला अचानक दुधाळ ढग सोडू लागला तर तो मरतो आहे असे समजून त्याला बाहेर काढू नये; बहुधा तो प्रजननद्रव्य सोडत असतो. धोका तेव्हा पाण्यातल्या प्राणवायूला असतो. हवेचा पंप लावावा, ताजे कार्बन ठेवावे आणि पाण्याचा काही भाग बदलावा. शिंपला खरोखर मेला की मांस कवचापासून सुटते आणि दुर्गंधी येते. तो तत्काळ काढावा, कारण कुजणारे मांस काही तासांत अमोनिया वाढवते आणि बाकीचे प्राणी संकटात येतात.

माझ्या टाकीत तिसरा शिंपला, एक डेरासा, आणण्यापूर्वी मी तीन महिने थांबलो. या काळात नायट्रेट वर आणले, अल्कलिनिटीची नोंद रोज ठेवली आणि रात्रीच्या टॉर्चने वाळू व टर्बो गोगलगायींची कवचेही तपासली, कारण पिरॅमिडेलिड इतर मऊ प्राण्यांवरही जगू शकतात. १९८५ पासून हे सर्व शिंपले साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा शेतीत वाढवलेला आणि कागदपत्रांसह येणाराच घ्यावा. मी घेतलेला तसाच होता, तरीही तो पाच आठवडे वेगळ्या टाकीत पुरेशा प्रकाशाखाली ठेवला आणि दर चार दिवसांनी घासला. दुसऱ्या घासण्यात दोन पांढऱ्या गोगलगायी मिळाल्या, नंतर एकही नाही. मुख्य टाकीत आल्यावर सातव्या आठवड्यात त्याच्या कडेला पांढरी पट्टी दिसली. त्याला आता चौदा महिने झाले आहेत, आणि रविवारी रात्री दगडासकट कलता करून त्याचा तळ पाहणे अजून एकदाही चुकवलेले नाही.